कानामागे

दुपारची ड्यूटी करून घरी पोचायला रात्रीचे साडेनऊ-पावणेदहा होतात. घरात शिरलं की आधी मोरी, मग माणसं, हा कोविडपासूनचा नेम. त्या बुधवारीही आंघोळ उरकून, ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून मी ताटावर बसले. आमटीत कडक भाकरी चुरली होती, कडेला शेंगाचटणी आणि वर तेलाची धार. बारक्या येऊन मांडीवर डोकं टेकून आडवा झाला. बारक्या म्हणजे माझ्या दिराचा मुलगा, सात वर्षांचा, मला मोठी आई म्हणतो. त्याचा ठरलेला हट्ट असा, की मी उजव्या हाताने जेवायचं आणि डाव्या हाताने त्याच्या कानामागे हळूहळू खाजवायचं. तो मांजरासारखा डोळे मिटून पडतो आणि कधीकधी तसाच झोपी जातो. त्या रात्री बोट कानामागे गेलं आणि तिथं काहीतरी लागलं. मोहरीपेक्षा जरासं मोठं, मऊ. मोबाईलची बॅटरी लावून बघितलं. पातळ कातडीचा फोड, आत स्वच्छ पाणी, भोवती लाल कडं. आम्हाला शिकवताना याला गुलाबाच्या पाकळीवरचा दवबिंदू म्हणतात. हे वर्णन ज्याने केलं त्याला ते निवांत बघायला मिळालं असणार. माझा हात विस्तवाला लागल्यासारखा मागे आला.

"काय झालं?" त्याने डोळे न उघडताच विचारलं.

"काही नाही. डास चावलाय."

बावीस वर्षं मी नर्सिंग करते आहे. रक्त, पू, उलटी, लघवी, सगळ्यात हे हात गेलेले आहेत. एकदा एका म्हातारबुवांनी तापाच्या भरात माझ्या अंगावरच ओकारी केली, तेव्हा मी त्यांची पाठ चोळत उभी राहिले होते. नंतर युनिफॉर्म बदलताना रडू आलं, ते वेगळं. पण हात काढून घेतला नव्हता. घरातल्या सात वर्षांच्या पोराच्या कानामागे एक फोड लागला आणि मिनिटभराच्या आत मी हातही काढून घेतला आणि खोटंही बोलले. 'कानामागून आली आणि तिखट झाली' ही म्हण मला त्या क्षणी आठवली आणि स्वतःचाच राग आला. म्हणी सुचायची ती वेळ नव्हती.

त्याने डोळे उघडून माझ्या हाताकडे बघितलं होतं.

मी नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात असते. आत जाताना चपला बाहेर, बांगड्या, अंगठी, घड्याळ बाहेर. मग कोपरापर्यंत हात धुवायचे: तळव्याला तळवा, पालथा हात, बोटांच्या फटी, बोटांची पाठ, अंगठा, शेवटी नखांची टोकं, आणि नळ बंद करायचा तो कोपराने. हे इतकं अंगात भिनलंय की घरी कणीक मळून झाली तरी मी नळ कोपराने ढकलते आणि जाऊबाई हसतात. आत वॉर्मरखाली ११००-१२०० ग्रॅमची बाळं असतात. त्यांचा पाय माझ्या अंगठ्याएवढा. पायाला ऑक्सिजन मोजायची पट्टी बांधली की तिच्या लाल उजेडाने तळवा आतून पेटल्यासारखा दिसतो, एकेक बोट पारदर्शक. आईच्या अंगातली रोगाशी लढायची ताकद नाळेतून बाळाला मिळते, पण तिचा मोठा वाटा शेवटच्या तीन महिन्यांत जातो. सातव्या महिन्यातच आलेलं बाळ ती शिदोरी न घेता आलेलं असतं. सात वर्षांच्या पोराला कांजिण्या म्हणजे शाळेला आठवडाभर सुट्टी आणि अंगाला कॅलामाइन. या बाळांच्या बाबतीत मात्र तो शब्द आम्ही आवाज खाली करून बोलतो.

त्या रात्री मी माळवदावर जाऊन बसले. मार्चचा दुसरा आठवडा, फरशी रात्री दहालाही तापलेली. पलीकडच्या गल्लीत यंत्रमागाची खटखट चालू होती. ती थांबली तरच आम्हाला जाग येते. मी हिशोब मांडला. अंगावर फोड दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून माणूस कांजिण्या दुसऱ्याला देऊ शकतो, सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत. म्हणजे सोमवारपासून तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून कांजिण्या वाटत होता. ज्यांना आधी झालेल्या नाहीत अशा दहा माणसांत एका घरात हा रोग शिरला तर नऊ जणांना लागू शकतो. लागल्यापासून उठायला १० ते २१ दिवस. म्हणून नियम असा, की ज्याला झालेल्या नाहीत आणि ज्याने लसही घेतलेली नाही त्याने संपर्कानंतरच्या ८व्या दिवसापासून २१व्या दिवसापर्यंत रुग्णांच्या जवळ फिरकायचं नाही. पुढच्या सोमवारपर्यंत मी कुणालाच काही देऊ शकत नव्हते, हे मला नीट ठाऊक होतं. इतरांना मीच समजावते हे. तरीही मी बोटांवर मोजत बसले, सोमवारपासून कोणत्या बाळांना हात लावला. खिडकीजवळचं जुळं, त्यातली मुलगी. अक्कलकोटकडून आलेलं. निळ्या उजेडाखालचं, डोळ्यांवर पट्टी बांधलेलं. अकरा झाली तेव्हा हाताची बोटं पुरेनात.

मग प्रश्न उरला एकच. मला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का?

या प्रश्नाचं उत्तर ज्या एका माणसाकडे होतं, ती माझी आई सहा वर्षांपूर्वी गेली. आमच्या लहानपणी लसीचं कार्ड, फाईल असलं काही घरात नव्हतं. आईचं डोकं हीच फाईल. कोण कितव्या महिन्यात उभं राहिलं, कुणी चार आणे गिळले होते, कुणाला पेनिसिलिनचं इंजेक्शन चालत नाही, सगळं तिथे. ती गेल्यावर आम्ही तिचं कपाट आवरलं, पासबुकं शोधली, गॅसचं कार्ड नावावर केलं. हे कुणी विचारून ठेवलं नाही. बार्शीच्या मावशीला सकाळी सकाळी फोन केला. "तुला नाय गं, तुझ्या भावाला. तुला गोवर आल्ता." भाऊ पुण्यात असतो, त्याला विचारलं. "दोघांना एकदमच झाल्या होत्या की! आपण पंधरा दिवस कॅरम खेळत होतो." तासाभराने मावशीचाच परत फोन. तिला चैन पडेना म्हणे. "गोवर होता का कांजिण्या होत्या, मला काय सांगता येईना बाई. आम्ही समद्यालाच आई आल्या म्हणायचो."

ते खरंच आहे. आज्जीच्या दंडावर देवी काढल्याचा रुपयाएवढा वण होता, आणि गावच्या शाळेच्या भिंतीवर 'देवीचा रोगी कळवा, हजार रुपये मिळवा' ही अक्षरं माझ्या लहानपणीही चुन्याखालून डोकावायची. तोवर देवीचा रोगी उरलाच नव्हता; आपल्या देशातला शेवटचा १९७५ साली सापडला. रोग गेला तरी नाव मागे राहिलं आणि ते गोवर-कांजिण्यांच्या अंगावर चढलं. आमच्या सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांनी गुरुवारी सकाळी बारक्याची पाठ बघितली, हात जोडले आणि दाराला कडुलिंबाचा डहाळा लावला. घरात फोडणी बंद. जिऱ्या-मोहरीचा चुरका आला की आईला राग येतो. शेजारच्या आज्जींचं घर तेलुगू, त्यांच्या नवऱ्याचं आयुष्य चादरीच्या मागावर गेलं. त्या दारातूनच डोकावून म्हणाल्या, "आटलम्मा. भ्यायचं नाय." तेलुगूत आट म्हणजे खेळ. मुलांशी खेळायला आलेली आई, असा अर्थ मी आपला जुळवून घेतला, आणि खरं सांगायचं तर वैद्यकीय नावापेक्षा तो मला बरा वाटला. फोडणीवर मी वाद घातला नाही. पोराला एकट्याला वरच्या खोलीत ठेवायचं, कुणी यायचं-जायचं नाही, कडुलिंबाच्या पाण्याने पुसायचं, वेगळं अंथरूण. फोडणी सोडली तर देवीचे आणि आमचे नियम सारखेच आहेत.

वेगळं अंथरूण मात्र सांगायला सोपं. आमच्या शहराच्या चादरी आणि टॉवेल जगभर जातात, आणि आमच्या घरात सहा माणसांना तीन टॉवेल, ते पण 'कोरडा असेल तो घे' या तत्त्वावर. चादरी तर अशा जाड, की एक धुवायची तर दोन बादल्या पाणी आणि पिळायला दोन माणसं. नळाला पाणी रोज येत नाही, हे सोलापूरकराला काय सांगायचं. गुरुवार म्हणजे पाण्याचा तिसरा दिवस, पिंपात हातभर उरलेलं. हात धुवा, हात धुवा म्हणून मी सगळ्यांच्या मागे लागले तेव्हा जाऊबाई एवढंच म्हणाल्या, "ताई, तुमच्या दवाखान्यात नळ चोवीस तास असतो." त्यांच्या आवाजात राग नव्हता. रात्रभर पोराजवळ बसून त्यांचे डोळे तांबारले होते. मला बोलायला जागा नव्हती, कारण कांजिण्यांची लस सरकारी मोफत यादीत नाही, ती बाहेर पैसे देऊन घ्यावी लागते, हे घरात फक्त मला माहीत होतं. दोन डोस. 'पुढच्या पगाराला घेऊ' असं मी मनात तीन वर्षं म्हणत आले होते.

गुरुवारी ड्यूटीच्या तासभर आधी गेले आणि इन्चार्ज सिस्टरना सांगितलं. सांगण्याआधी बाहेरच्या बाकड्यावर पाच मिनिटं बसले होते, तेही सांगून टाकते. कालचं 'डास चावलाय' इथेही चाललं असतं. कुणाला काय कळणार होतं? एक सिस्टर बाळंतपणाच्या रजेवर, एकीची बदली झालेली आणि जागा रिकामी. मी चौदा दिवस घरी बसले असते तर उरलेल्या पोरींनी दुपारला जोडून रात्र करायची. त्यांच्याही घरी पोरं आहेत. इन्चार्ज सिस्टर काही न बोलता ड्यूटीची वही काढून पेन्सिलीने रकाने मोजायला लागल्या. मग म्हणाल्या, "तुला झाल्याच असतील गं लहानपणी. सगळ्यांनाच होतात." हेच वाक्य धोक्याचं आहे. थंड देशांत जवळजवळ सगळ्यांना लहानपणीच होऊन जातात; आपल्यासारख्या उष्ण मुलखात पुष्कळ माणसं न होताच मोठी होतात. हे त्यांनाही माहीत होतं. त्यांनी पेन्सिल ठेवली, डॉक्टरांना फोन लावला आणि मला कागदांच्या कामाला बाहेर बसवलं. रक्तात कांजिण्यांच्या अँटिबॉडी आहेत का, ही तपासणी बाहेर करून घ्यायची, पैसे आपले. रिपोर्ट शनिवारी. त्यात काही नाही निघालं तर लगेच लस, कारण संपर्कानंतर तीन ते पाच दिवसांत घेतली तर उपयोग होतो. आणि वर रजा.

काचेच्या या बाजूला बसून मी स्टॉकची वही लिहीत होते. आत जुळ्यातली मुलगी रडत होती. तिचं रडणं ऐकू येत नाही, फक्त तोंड उघडलेलं दिसतं. कोविडमध्ये मी हेच उलट्या बाजूने जगले होते. तेव्हा दवाखाना घाण आणि घर स्वच्छ. अंगणात कपड्यांची बादली, उंबऱ्याबाहेर जेवणाचं ताट, बारक्या तेव्हा रांगत होता आणि जाळीच्या दाराला धरून माझ्याकडे बघून हसायचा. आपण बाहेरून काहीतरी आणू, ही भीती लोकांना कळते. टाळ्याही वाजवल्या लोकांनी तिच्यासाठी. १२ मेच्या परिचारिका दिनाला भाषणं होतात तीही त्याच दिशेची. आमच्या गावचे डॉ. कोटणीस चीनमध्ये ज्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, त्या डॉ. बेथून यांना शस्त्रक्रिया करताना बोटाला जखम झाली, ती चिघळली आणि १९३९ साली ते गेले. शाळेत असताना ही गोष्ट ऐकून मी आठवडाभर बोटाला पट्टी बांधून फिरत होते. पण घरून काहीतरी घेऊन दवाखान्यात जाणाऱ्या सिस्टरची गोष्ट भाषणात कोण सांगणार? अभ्यासात एक होती. व्हिएन्नाचे सेमेलवाइस. १८४७ साली त्यांनी दाखवून दिलं की शवविच्छेदन करून आलेले डॉक्टर तेच हात घेऊन बाळंतिणींना तपासतात आणि बायका तापाने मरतात. क्लोरिनच्या पाण्यात हात धुवायला लावल्यावर मरणं झपाट्याने कमी झाली. डॉक्टर मंडळींना ते पटलं नाही. परीक्षेत मी लिहिलं होतं, त्यांच्या अहंकारामुळे. आता वाटतं, अहंकार असेलही. पण आपल्याच हाताने झालं हे एकदा मान्य केलं, की मागच्या सगळ्या हातांचा हिशोब लागतो. तो कोण करत बसणार?

घरी बारक्या वरच्या खोलीत आणि मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर. शुक्रवारपर्यंत त्याच्या पोटावर, पाठीवर, डोक्यात, तोंडातसुद्धा फोड आले होते. काही कोवळे, काही फुटलेले, काही काळी खपली धरलेले. "मोठी आई, लई खाजलालंय." नखं कापून झाली होती, कॅलामाइनने तो चुना लावलेल्या भिंतीसारखा दिसत होता. हात रिकामे राहिले की खाजवतो, म्हणून मी पायरीवरून त्याला हवेत हात धुवायला शिकवलं. तळव्याला तळवा, पालथा हात, बोटांच्या फटी. त्याला नखांचा टप्पा आवडला. तासभर आम्ही दोघं समोरासमोर पाण्यावाचून हात धूत बसलो होतो. खालून आत्या ओरडल्या, "काय करलालाव गं दोघं?" मधे सहा फूट जागा होती. ती मी डोळ्यांनी मोजून ठेवली होती, त्यानेही ठेवली असावी. चेंडू घरंगळत माझ्याकडे आला तेव्हा तो उठला नाही, मीच पायाने परत लोटला.

शनिवारी संध्याकाळी मोबाईलवर रिपोर्ट आला. पॉझिटिव्ह. बाकी कुठल्याही तपासणीत या शब्दाने पोटात गोळा येतो. मी रस्त्याच्या कडेला गाडी लावून हसले. मला झाल्या होत्या. कोणत्या वर्षी, कुणाच्या मांडीवर, कॅरम खेळत की तापाने फणफणत, माहीत नाही. पुढच्या सिग्नलला आईची नागीण आठवली. त्रेसष्टाव्या वर्षी तिच्या डाव्या बरगडीवर उठली होती. मावशीने कुणालातरी आणून गेरूने तोंड-शेपूट रेखून घेतलं, दोन्ही टोकं जुळली तर माणूस जातं म्हणून. मी गोळ्या देत होते आणि गेरू पुसू देत नव्हती ती. नागीण म्हणजे दुसरं काही नसतं, त्याच कांजिण्या. फोड वाळले तरी विषाणू अंगाबाहेर जात नाही, पाठीच्या कण्याजवळच्या नसांच्या मुळाशी गप्प पडून राहतो, कधी चाळीस-पन्नास वर्षांनी नस धरून बाहेर येतो. म्हणजे ज्याला मी उंबऱ्यावर अडवत होते तो माझ्यातच राहायला होता, बारक्याच्या बापाचं लग्न ठरायच्याही आधीपासून.

गाडी लावून तशीच वर गेले. आंघोळसुद्धा नाही, पहिल्यांदाच. बारक्या भिंतीला टेकून बसला होता. मी हात पुढे केला तसा तो अंग चोरून कोपऱ्यात सरकला.

"हात लावू नको. तुझी बाळं मरतील."

जाऊबाई खाली बघत होत्या. त्याला आवरायला काहीतरी सांगायला हवं होतं त्यांना, रात्री-अपरात्री तो माझ्यासाठी रडायचा म्हणे. मी त्याला रिपोर्ट दाखवला, मोबाईलवर, जसा काही त्याला वाचता येणार होता. मग म्हटलं, मलाही आल्या होत्या, तुझ्याएवढी असताना, आता मला परत लागत नाहीत. "खरं?" "खरं." "डास चावलाय म्हणाली होतीस." त्यावर माझ्याकडे काही नव्हतं. बऱ्याच वेळाने तो स्वतःच सरकत आला, पण डोकं मांडीवर ठेवलं नाही. गुडघ्यावर ठेवलं.

रविवारी मी ड्यूटीवर गेले. जुळ्यातल्या मुलीचं वजन ३० ग्रॅमने वाढलं होतं. पुढच्या आठवड्यात बारक्याच्या खपल्या पडल्या, आत्यांनी लिंबाच्या पाण्याने त्याला न्हाऊ घातलं, शेजारच्या आज्जींकडे दहीभात गेला आणि दुपारी घरात पहिल्यांदा फोडणी पडली. लसणाच्या वासाने सगळे आपोआप स्वयंपाकघराच्या दारात आले. बाकीचे वण भरत आलेत. कानामागचा खोल आहे, ज्वारीचा दाणा बसेल एवढा. परवा जेवताना तो पुन्हा आडवा झाला, पूर्वीसारखा, डोळे मिटून. माझं बोट कानामागे गेलं, वणावरून फिरलं, मग केसांत, मग मानेवर.

"खाजवत नाहीस तू," डोळे मिटूनच तो म्हणाला, "बघलालीस."